नातीचा फुटबॉल आणि आमचं घर

मैत्रिणींनो, गणेशपुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. नित्यानंदबाबांची समाधी, गरम पाण्याची कुंडं, आणि जाता-येता वज्रेश्वरीचं दर्शन. भिवंडी तालुक्यातलं हे आमचं गाव. पाहुणा आला की आम्हीही त्याला हेच दाखवतो. पण भातकापणी उरकून खाचरं सुकली, की संध्याकाळी तिथे पोरांचा फुटबॉल सुरू होतो. दोन चपला इकडे, दोन चपला तिकडे, झाला गोल. त्या दहा-बारा पोरांत एक मुलगी असते. ती माझी नात. वय वर्षं ११.

मागच्या हिवाळ्यात तिच्या शाळेचे सर घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “आजी, हिच्या पायात चेंडू थांबतो. हिला निवासी केंद्राच्या निवड चाचणीला पाठवा.” अशी केंद्रं सरकार चालवतं. मुलांची उंची-वजन घेतात, ३० मीटर पळवतात, उड्या मारायला लावतात, ८०० मीटर धावायला लावतात. निवड झाली की राहणं, जेवण, शाळा, खेळ सगळं त्यांच्याकडे. आईबापांना खर्च नाही. माझा मुलगा एकदम खूश. सूनबाई मात्र कपबशा उचलून आत गेली. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणते, “आई, तुम्हांला काय वाटतं?”

सुनेनं असा प्रश्न विचारला की सासूनं लगेच उत्तर देऊ नये, हे मी तुम्हांला अनुभवानं सांगते. मी म्हटलं, आधी चौकशी करू.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिची मुलगी आमच्या नातीच्याच वयाची आणि तीही फुटबॉल खेळते. तिकडे त्याला सॉकर म्हणतात. (सत्तरच्या दशकात आश्रमामुळे आमच्या गावात अमेरिकन माणसं नवलाची राहिली नव्हती, पण हा शब्द मी प्रथम भाचीकडूनच ऐकला!) तिला फोन लावला. “मावशी,” ती म्हणाली, “इथे मुलगी सॉकर खेळते म्हणजे आई गाडी चालवते.” आठवड्यातून तीनदा सराव, शनिवार-रविवारी सामने, तेही कधी कधी दोन-दोन तासांच्या अंतरावर. क्लबची फी, गणवेश, प्रवास, हॉटेल, सगळं घरच्यांच्या खिशातून. वर्षाकाठी हजारो डॉलर जातात म्हणे. पैसे भरा आणि खेळा, अशी ही रीत, आणि तिकडचेच जाणते लोक तिला नावं ठेवतात, कारण गरिबाघरचं गुणी पोर तिच्यात मागे पडतं. मोठ्या व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत मुलाची निवड झाली तर पुष्कळ ठिकाणी फी नसते. पण तिथवर पोचेपर्यंत खर्च आईबापांचाच.

मुलींना तिकडे मोठा आधार कॉलेजांचा. १९७२ साली त्यांच्याकडे एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. तो खेळालाही लागू झाला. मग कॉलेजाकॉलेजांतून मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या आल्या. त्या देशाच्या बायकांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असा चार वेळा विश्वचषक जिंकला, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

मला मात्र आवडल्या त्या दुसऱ्याच, साध्या गोष्टी. तिकडे सहा-आठ वर्षांच्या मुलांना अकरा-अकरांच्या संघात घालतच नाहीत. लहान मैदान, लहान गोल, एका बाजूला चार मुलं. नऊ-दहाव्या वर्षी सात, अकरा-बाराव्या वर्षी नऊ, आणि त्यानंतर अकरा. कारण? कारण चार मुलांत चेंडू प्रत्येकाच्या पायाशी येतो. मोठ्या मैदानावर लहानसं पोर नुसतं धावत राहतं. म्हणजे आमच्या खाचरातला, बांधाबांधातला खेळ काही अगदीच अडाणी नव्हे! दुसरं म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं. २०१४ मध्ये काही आईबापांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, आणि २०१५ मध्ये तिकडच्या फुटबॉल संघटनेनं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्यानं मारायला मनाईच केली; अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांनाही सरावात तो मोजकाच मारू देतात. हे ऐकल्याबरोबर मी नातीला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, “आजी, आमच्या सरांना हे माहीतच नाही.” म्हटलं, मी सांगेन.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं ऐकून गणेशपुरीला काय उपयोग? थांबा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भुवनेश्वरला आपल्या मुलींचा पहिला सामना नेमका अमेरिकेशी होता. आठ-शून्य असे हरलो. आमच्या घरात कुणी बोलेना. आपली कप्तान अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली. आमच्या नातीसारख्याच घरातली पोर. तिच्यात कमी काय होतं? धावण्यात नाही, हिमतीत नाही. समोरच्या मुलींनी पाचव्या-सहाव्या वर्षापासून दर शनिवारी सामना खेळलेला, आणि आपल्याकडे मुलींना सामनेच कमी. त्याच अमेरिकन मुली पुढे नवी मुंबईत नायजेरियाकडून पेनल्टीवर हरल्या, तेव्हा मात्र मला त्यांचीही कणव आली. पोरीच त्या.

मुलांचं २०१७ साली तसंच. पहिल्या सामन्यात अमेरिकेनं आपल्याला तीन-शून्य हरवलं. पण त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. वडील रिक्षा चालवायचे. मुलगा लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला, आणि तिथून विश्वचषकापर्यंत, पुढे व्यावसायिक क्लबांपर्यंत गेला. माझा मुलगा रोज हेच उदाहरण देई. खरं आहे. पण मी त्याला म्हणे, अरे, कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम भरून माणसं सामने बघतात. तिथे मुलाच्या कानावर फुटबॉल पाळण्यातच पडतो. आपल्याकडे काय पडतं? देवळातली घंटा आणि एस.टी.चा भोंगा.

आणखी एक गोष्ट मला कळली, ती मुलाला पटली नाही पण सुनेला पटली. अमेरिकेनंही मुलांना घरापासून दूर ठेवून पाहिलं आहे. फ्लोरिडात ब्रेडेंटन इथे १९९९ पासून त्यांच्या सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाची मुलं एकत्र राहायची, शिकायची, खेळायची. लँडन डोनोवन हा त्यांचा नामांकित खेळाडू तिथल्या पहिल्या तुकडीतला. २०१७ साली ते बंद केलं. मुलांच्या गावाजवळच क्लबांच्या अकादमी उभ्या राहिल्या होत्या. मूल घरी झोपून तेच शिकू शकत होतं. शिवाय तिथे जात ती मुलं पंधराच्या आसपासची. आमची अकरा वर्षांची, अजून रात्री माझ्या कुशीत येते.

माझं मत विचाराल तर या वयाच्या मुलीला वसतिगृह नको, एस.टी.च्या टप्प्यात एक बरं मैदान आणि एक शिकलेला प्रशिक्षक हवा. वज्रेश्वरीला असो, वाड्याला असो. पण तो नाही. आणि तो येईपर्यंत नात काही अकरा वर्षांची राहणार नाही. इथेच सगळं अडतं.

शेवटी सूनबाईनंच तोड काढली. “चाचणी देऊ दे,” ती नवऱ्याला म्हणाली, “पण नाव लागलं तर आधी मी जाऊन दोन दिवस राहून बघणार.” तिनं वहीत प्रश्न लिहून काढले आहेत, आणि तुमच्यापैकी कुणाच्या मुलीवर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून सांगते. रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण असतं, बाई की पुरुष? मुलीला घरी फोन कधी करता येतो, आणि तेव्हा शेजारी कुणी उभं राहतं का? डाळ, अंडी, दूध रोज मिळतं की पाहणीच्या दिवशी? आता ती शहाणी होण्याचं वय आलं. त्या दिवसांत पोट दुखलं तर विश्रांती मिळते की आळशी म्हणतात? गुडघा दुखला तर डॉक्टर कोण? (वाढत्या मुलींच्या गुडघ्याचे अस्थिबंध मुलांपेक्षा लवकर दुखावतात. भाचीच्या मुलीचा संघ त्यासाठी खेळाआधी वीस मिनिटं ठरावीक व्यायाम करतो.) आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, दोन वर्षांनी त्यांनी “हिच्यात दम नाही” म्हणून परत पाठवलं, तर शाळेचं वर्ष फुकट जाणार नाही ना? कारण परत येणाऱ्याच जास्त असतात. देशासाठी खेळणाऱ्या किती? बोटांवर मोजण्याइतक्या.

मुलगा म्हणाला, “एवढे प्रश्न विचारलेस तर ते आपल्याला दारातूनच परत पाठवतील.” सूनबाई म्हणाली, “पाठवू देत.” मी काही बोलले नाही, पण मनातून फार बरं वाटलं.

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. सध्या पहाटे बापलेक अकलोलीच्या रस्त्यानं धावायला जातात. आल्यावर तिला भिजवलेले चणे, गूळ आणि एक उकडलेलं अंडं. काल सूनबाईनं भिवंडीहून तिला खेळाचे बूट आणले, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. दुकानदार मुलांचे म्हणून दाखवत होता, तर ही म्हणाली, “मुलीचेच आहेत, लेस घट्ट बांधून दाखवा.”