आमची अ‍ॅसिटोनची भट्टी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां दोघां चुलतभावांस रसायनशास्त्राचें वेड लागलें होतें. पुस्तकांत जें वाचावें तें घरीं करून पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडत नसे. अशांत एके दिवशीं वाचण्यांत आलें कीं, कॅल्शियम अ‍ॅसिटेट नांवाचा क्षार कोरडाच तापविला असतां त्यांतून अ‍ॅसिटोन वाफेच्या रूपानें बाहेर पडतें, आणि भांड्यांत मागें कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्यांच्या जातीची पूड, तेवढी उरते. या क्रियेस शुष्क ऊर्ध्वपातन असें भारदस्त नांव आहे. रीत मात्र जुनी. १६०६ सालीं लिबाव्हियस या जर्मन पंडितानें शिशाच्या क्षारापासून हा द्रव काढल्याचें वर्णन केलें, व १८३२ सालीं ड्यूमा आणि लीबिग यांनीं त्याचें घटकप्रमाण निश्चित केलें. शिसें विषारी म्हणून आम्हीं चुन्याची वाट धरली. त्या सुटींत आमच्या हातून घडलेला शहाणपणा एवढाच.

अ‍ॅसिटोन कांहीं दुर्मिळ वस्तु नव्हे. नखांचा रंग काढण्याच्या बाटलींत पुष्कळदां तेंच असतें. परंतु विकत आणलेल्या वस्तूंत आपण केल्याचा आनंद कोठून यावा?

आरंभीं आम्हीं फळ्यावर लिहिण्याचा खडू घेतला. (तो कोठून मिळविला, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.) त्यावर व्हिनेगर ओतलें, पण एक बुडबुडा उठेल तर शपथ! मागाहून कळलें कीं, फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, आणि त्यास व्हिनेगराची कांहीं मात्रा चालत नाहीं. आमचें घर रत्नागिरीकडे. परसांत माडाच्या बुंध्याशीं आजीनें टाकलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग पडलेला असतो. ते शिंपले धुऊन आजीच्या औषधाच्या खलांत कुटले, व्हिनेगरांत टाकले, आणि काय आश्चर्य, सारें पातेलें फसफसून वर आलें. पुढें तें पाणी गाळून परातींत घातलें व चार दिवस उन्हांत ठेवलें, तेव्हां तळाशीं पांढरी पापडी धरली.

हिशेबही आम्हीं केला होता. १५८ ग्रॅम क्षारांतून ५८ ग्रॅम अ‍ॅसिटोन निघावें आणि १०० ग्रॅम पूड मागें राहावी. परंतु व्हिनेगरांत आम्ल शेंकडा चार-पांचच असतें. त्यामुळें लिटरभर व्हिनेगरांतून फार झालें तर पांच-सहा लहान चमचे अ‍ॅसिटोन मिळावयाचें. तेंही आम्हांस अमृतासारखें वाटत होतें.

पहिल्या दिवशीं क्षार ओलसर राहिल्यामुळें नुसतें आंबूस पाणी आलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, वडील माणसें निजलीं असतां, आम्हीं मागील दारच्या चुलीवर पत्र्याचा डबा चढविला. डब्यास तांब्याची नळी बसविली, सांधे कणकेनें लिंपले, नळीवर ओलें फडकें गुंडाळलें, आणि नळीच्या तोंडाशीं थंड पाण्याच्या वाडग्यांत एक बाटली ठेवली. ती बाटली धरून बसण्याचें काम आम्हीं नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीस दिलें. हा मोठा मान आहे असें तिला सांगितलें. खरें कारण असें कीं, धुरानें आमचे डोळे चुरचुरत होते.

अर्ध्या तासानें पिवळसर थेंब पडूं लागले. "हा तर आत्याच्या नखांच्या बाटलीचा वास!" असें ती आनंदानें ओरडली. आम्हीही नाचूं लागलों. अ‍ॅसिटोन ५६ अंशांवर उकळतें. त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असल्यामुळें जमिनीलगत सरपटत जाते, आणि जाळ दिसला कीं पेट घेते. हें सर्व त्याच पुस्तकांत पुढल्या पानावर होतें. पान उलटण्याचा धीर आम्हांस नव्हता. बाटली चुलीपासून अवघी दीड हात. एकाएकीं भप्प असा आवाज झाला आणि चुलींतून निघालेली ज्वाळा बाटलीच्या तोंडाशीं येऊन उभी राहिली. धाकटीनें बाटली वाडग्यांत टाकून दिली. आम्हीं ओलें पोतें टाकलें, आग विझली. पण तिच्या उजव्या हाताचीं तीन बोटें भाजलीं होतीं.

आई धांवत आली. आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच धाकटी म्हणाली, "तव्याला हात लागला." आणि आम्ही गप्प उभे राहिलों.

दोन दिवस आम्ही गप्प होतों. आई तिला वेंधळी म्हणे, आणि आपल्या हातानें भरवी. तिसऱ्या रात्रीं जेवतांना ती पुन्हां म्हणाली, "या मुलीचं कधीं लक्ष म्हणून नसतं." धाकटीनें आमच्याकडे पाहिलें, बोलली कांहींच नाहीं. आमच्या घशाखालीं घांस उतरेना. तेव्हां आम्हीं पानावरच सारें सांगून टाकलें. काकांनीं एवढेंच विचारलें, "बाटली चुलीपासून किती लांब होती?" आम्हीं सांगितलें. "आणि तुम्ही दोघे?" आम्ही त्याहून लांब होतों. यावर काका पान सोडून उठले. आई चार दिवस आमच्याशीं बोलली नाहीं.

त्या चार दिवसांत वाचावयास वेळ पुष्कळ मिळाला. पहिल्या महायुद्धांत कॉर्डाइट नांवाच्या दारूगोळ्याकरितां इंग्लंडास अ‍ॅसिटोनची फार निकड पडली. लांकडापासून आमच्याच रीतीनें काढलेलें तें पुरेना, म्हणून डॉ. वाइझमन यांनीं (हेच पुढें इस्राएलचे पहिले अध्यक्ष झाले) जंतूंच्या साहाय्यानें मक्यापासून तें काढण्याची युक्ति बसविली. धान्याची टंचाई झाली तेव्हां, १९१७ सालीं, तेथील शाळांतील मुलांकडून हॉर्स चेस्टनट वृक्षाच्या बिया गोळा करविल्या. त्या कशाकरितां, हें मुलांस सांगितलें नव्हतें. शत्रूस कळूं नये म्हणून तें गुप्त ठेवणें सरकारास भाग होतें. आमच्या बहिणीसही आपण हातांत काय धरलें आहे हें ठाऊक नव्हतें. तिच्यापासून तें गुप्त ठेवणें आम्हांस मात्र कशामुळेंही भाग नव्हतें.

पुढल्या आठवड्यांत धाकटीनेंच तो डबा मागितला. काका जवळ येऊन बसले. डब्यांत करड्या रंगाची पूड होती. चमचाभर पूड बशींत घेऊन तिनें डाव्या हातानें त्यावर व्हिनेगर ओतलें. पूड फसफसली.

"हें तर शिंपल्यासारखंच झालं!"

"शिंपलाच तो," चुलतभाऊ हळूच म्हणाला.

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

काका हंसले. आई दारांत उभी होती. तिनें आम्हां दोघांकडे एकवार पाहिलें, आणि व्हिनेगराची बाटली उचलून आंत नेली.