सर्व वाऱ्यांचा पतंग

बडोद्यात वाढलेल्या माणसाला पतंगाबद्दल सल्ला विचारला, तर तो सहसा नाही म्हणत नाही. मलाही आजवर पुष्कळांनी विचारला आहे. पण ज्या पतंगाच्या दोरीला माणूसच बांधायचा असतो, त्याबद्दल विचारणारी पहिली माझी बहीण. लग्न होऊन ती बेळगावला गेली त्याला चाळीस वर्षे होतील. तिचा मुलगा पणजीला नोकरी करतो आणि दोन वर्षांपासून सुटीच्या दिवशी मोरजी-आश्व्याच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकतो. पायांत फळी अडकवायची, कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्ट्याला पतंग जोडायचा आणि लाटांवरून धावायचे. शिकण्यापुरता पतंग शिकवणारे देत. आता त्याला स्वतःचा घ्यायचा होता. ताईचा फोन आला, "तू पतंगातला माणूस, जाऊन बघून ये की. धोका वाटला तर सरळ नको म्हणून सांग. माझं ऐकत नाही तो, मामाचं ऐकेल."

तेव्हा फेब्रुवारीत मी गोव्याला गेलो, तो निम्मा 'नको' मनात ठरवूनच.

पतंग निवडण्याची आमची रीत सांगतो. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटच्या बाजारात पतंगांच्या थप्प्या लागतात. त्यातला एक उचलायचा, उजेडासमोर धरून कागदाला भोक आहे का पाहायचे, कमान हलकेच वाकवून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचे, मग ढड्ढा बोटावर तोलायचा. एक बाजू झुकली की तो पतंग थप्पीत परत. पण खरी परीक्षा किन्ना बांधण्यात. ('किन्ना' म्हणजे पतंगाला बांधायची दुहेरी दोरी. आम्ही बडोदेकर पतंग उडवत नाही, 'चगवतो'. ताईच्या सासरी त्यावर अजून हसतात.) वरची दोरी आखूड ठेवली तर पतंग पुढे झुकतो, वारा त्याच्या अंगावरून निसटतो, हाताला ओढ कमी लागते. खालची आखूड केली तर तो वाऱ्याला छाती देतो आणि बोट कापेल इतका ओढतो. सकाळच्या मंद वाऱ्याचा किन्ना दुपारी चालत नाही. गच्चीवर आम्ही पतंग उतरवून गाठ बदलतो. समुद्रात ती सोय कुठून असणार, हाच माझा पहिला आक्षेप होता.

भाच्याने वाळूवर पतंग पसरला आणि माझा आक्षेप तिथेच संपला. बारा चौरस मीटरचे कापड. आमचा पतंग अर्धा चौरस मीटरही भरत नाही. पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, तिला काटकोनात आणखी नळ्या. बांबू नाहीच. ही हवेची नळी ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांची. 1984 साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. पाण्यात पडलेला पतंग बुडू नये, तिथूनच पुन्हा उठावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. या पतंगाला वीस-बावीस मीटरच्या चार दोऱ्या असतात. पुढच्या दोन भार पेलतात, मागच्या दोन हातातल्या दांड्याच्या टोकांना बांधलेल्या. दांडा जवळ ओढला की मागची कड खेचली जाते, पतंग छाती देतो. दूर सारला की तो झुकतो आणि वारा सोडून देतो. म्हणजे आम्ही गाठ मारून एकदाच ठरवतो तो किन्ना इथे उडता उडता क्षणोक्षणी बदलता येतो! साठ वर्षे पतंग चगवून ही गोष्ट मला सुचली नव्हती, याचे थोडे वाईटही वाटले.

विकायला असलेले दोन जुने पतंग त्याने एका दुपारपुरते मागून आणले होते. नव्याची किंमत लाखाच्या घरात, म्हणून जुने. आणि घ्यायचा एकच, म्हणून तो सर्व वाऱ्यांत चालणारा हवा. दोन्ही बारा मीटरचेच, कारण पंचाहत्तर किलोच्या माणसाला तिथल्या वाऱ्यात तेवढे माप लागते. एक लांब, निमुळता, पाच आडव्या नळ्यांचा. दुसरा आखूड, रुंद, तीन नळ्यांचा. भाच्याचा डोळा पहिल्यावर. उत्तरायणाला लहान मुलांचा डोळाही सर्वांत झगमगीत पतंगावर असतो.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा होता. शाळेत शिकलो ते मतलई वारे. अशा वाऱ्यात कोणी पाण्यात उतरत नाही. काही बिघडले तर माणूस क्षितिजाकडेच जाणार. दुपारी दोननंतर वायव्येकडून खारे वारे सुरू झाले. हातातल्या यंत्रावर बारा ते पंधरा नॉट, म्हणजे ताशी बावीस ते अठ्ठावीस किलोमीटर.

मी एकच अट घातली होती : आधी सुटका दाखव. दांड्याशी एक लाल कळ असते. ती ढकलली की पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो आणि त्यातला जोर जातो. ती मी तीनदा करायला लावली, तिसऱ्यांदा त्याचे डोळे मिटून. शेजारचे दोन रशियन तरुण माझ्याकडे बघून हसत होते. हसोत. किनाऱ्यावरच्या झापांच्या उपाहारगृहांवर आणि माडांवर आपटण्याचा धोका समुद्रापेक्षा मोठा, हे त्यांच्याच शिक्षकाने मला सांगितले होते.

निमुळता पतंग देखणा उडाला. वाऱ्याच्या विरुद्ध अंगालाही तो भाच्याला सरसर घेऊन गेला. पण मध्येच वारा मंदावला, भाच्याने ओढ मिळावी म्हणून दांडा जवळ घेतला आणि पतंग उलटा मागे कलून पाण्यात पडला. पुन्हा उठवायला त्याला अर्धा तास लागला, तोही एका झुळकेची कृपा झाली म्हणून. मी काठावर उभा. ताईला आत्ता फोन येऊ नये, एवढेच मनात.

रुंद पतंग संथ. वळताना जड, उडीही बेताची. तो मंद वाऱ्यात कलतो का, हे पाहायला मी दांडा मुद्दाम पूर्ण ओढायला सांगितला. तो नुसता जागी थरथरला. मग मुद्दाम पाण्यात पाडला. भाच्याने मागची एक दोरी खेचली, पतंग कडेवर लोळला, सरकत सरकत वाऱ्याच्या काठाशी गेला आणि मिनिटाभरात वर. चार वेळा पाडला, चारही वेळा उठला.

"मामा, पण तो दुसरा..." संध्याकाळी तो म्हणाला.

"तो दुसरा पेच लावणाऱ्याचा. तुला घरी यायचंय."

थोडा वेळ तो गप्प बसला. मग पैसे रुंद पतंगाचेच दिले. वारा वीस नॉटच्या वर गेला की हा पतंग मोठा पडेल, त्याला नऊ मीटरचा दुसरा लागेल, हे आम्हा दोघांनाही कळत होते. असे दिवस आले तर काठावर बसायचे, असे त्याने कबूल केले आहे.

रात्री ताईला फोन केला. "नको सांगितलंस की नाही?" तिने विचारले. मी तिला लाल कळीबद्दल सांगत राहिलो.