माझगाव ते रत्नागिरी : दोघांची मोटारसायकल

लोक आम्हाला विचारतात, "या वयात मोटारसायकलवर?" नातेवाईक जरा खालच्या आवाजात विचारतात आणि मोहल्ल्यातली मुले मोठ्याने. आम्ही दोघे मियाँ-बीवी, एकाची साठी जवळ आलेली, दुसरीची पन्नाशी ओलांडलेली. गाडी 150 सीसीची, साधी, ऑफिसला जाणारी माणसे वापरतात तशी. गेली काही वर्षे, पाऊस थांबून रस्ते वाळले की आम्ही सहा-सात दिवसांसाठी निघतो. जायचे कुठे, यावर आमच्यात वाद होत नाही. समुद्राच्या कडेकडेने रत्नागिरी. दुसरे रस्तेही आम्ही पाहिले. वरंध घाट उतरलो, आंबोलीला गेलो. पण जीव रमला तो या रस्त्यावर.

लिहिण्याच्या सोयीसाठी आमच्यातल्या एकाला 'पुढचा' आणि दुसरीला 'मागची' म्हणू. नावांची गरज नाही.

आधी एक हिशेब सांगायला हवा. पुढच्याने 21 वर्षे कतारमध्ये नोकरी केली. एका वर्षी सुट्टी मिळाली नाही, म्हणजे 20 सुट्ट्या, प्रत्येकी 45 दिवसांच्या. एकूण 900 दिवस. 21 वर्षांच्या संसारात आम्ही एका छताखाली राहिलो ते अडीच वर्षांपेक्षाही थोडे कमी. त्यातलेही कितीतरी दिवस लग्नकार्यांत, दवाखान्यांत, भेटवस्तू वाटण्यात गेले. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत हा हिशेब असाच निघेल. तो 2018 साली कायमचा परत आला तेव्हा घरात दोन सज्जन माणसे एकमेकांशी अदबीने वागत होती. चहात साखर किती, हेसुद्धा विचारावे लागत होते.

मोटारसायकलचा एक गुण तेव्हा कळला. तिच्यावर दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते मागून कानाशी बोलता येते. ऐकणाऱ्याला लगेच उत्तर द्यावे लागत नाही. वळण आले, ट्रक आला, की उत्तर पुढे ढकलता येते. आमची बरीच बोलणी अशी रेवदंडा ते मुरूडच्या दरम्यान झाली आहेत.

आमचे घर माझगावात, भाऊचा धक्का जवळच. 2020 पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते आणि गाडी बोटीतच चढवता येते. साधारण तासाभरात पलीकडे. पनवेल-पेणची गर्दी टळते, हा पहिला फायदा. मांडव्यापासून अलिबाग, चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. या गावातले काही लोक आजही पोर्तुगीज मिसळलेली एक वेगळीच बोली बोलतात. मग काशीद, उजवीकडे समुद्र आणि डावीकडे फणसाडचे जंगल. सुट्टीच्या दिवशी काशीदला थांबू नये, तिथे माणसेच माणसे असतात. सरळ मुरूड गाठावे.

मुरूडजवळ टेकडीवर जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा दिसतो. बहुतेक लोक होडीने जंजिरा पाहून परततात. आमचा सल्ला असा, की राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींच्या कबरींवरचे घुमट आहेत, तिकडे गाडी वळवावी. तीन मकबरे, दगडात कोरलेल्या जाळ्या, भोवती झाडे, आणि आम्ही गेलो तेव्हा एकही माणूस नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसांनी इथे राज्य केले, त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले आणि त्यांचे पूर्वज या कोकणच्या मातीत झोपले आहेत. फातेहा पढून आम्ही थोडा वेळ बसलो.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने जायचे. या रस्त्याची खरी मजा या जेटींत आहे. राजपुरीची खाडी झाली, की पुढे बागमांडला ते वेश्वी सावित्रीची खाडी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड शास्त्रीची. बस, टेम्पो, दुचाक्या, शाळेची पोरे, कोंबड्यांच्या पाट्या, सगळे एका पत्र्यावर. इंजिनाच्या धडधडीत दहा-वीस मिनिटे कुणाला काही करता येत नाही. एक सूचना: जेटीच्या उतारावर शेवाळ असते. मागे बसणाऱ्याने आधी उतरावे आणि चालत चढावे. गाडी उभी केल्यावर गिअरमध्ये ठेवावी. दिघीकडे येता येता मागे वळून पाहिले, तर खाडीच्या तोंडाशी जंजिरा पाण्यात बसलेला दिसतो.

रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. 1980 ते 1982 ते मुख्यमंत्री होते आणि त्यांचे गाव आंबेत याच सावित्रीच्या काठी. आता या खाड्यांवर मोठे पूल व्हायचे आहेत. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल, तर पूल हवाच, यात शंका नाही. जेटी रात्री बंद असते आणि बाळंतीण वाट पाहू शकत नाही. तरीही पूल झाल्यावर ही दहा-वीस मिनिटे जातील, याचे आम्हाला वाईट वाटते. पाहुण्याला असे वाटायला काय जाते, हेही आम्हाला समजते.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आमचा सगळ्यात आवडता तुकडा. भरडखोल, शेखाडी, आरावी. रस्ता अक्षरशः लाटांच्या शेजारून जातो. एक टेकडी चढतो, वरून पुढच्या खाजणाचा आणि माडांचा पट्टा दाखवतो आणि परत पाण्यापर्यंत उतरतो. इथे चाळीसच्या वर वेग नेऊ नये. वाळू रस्त्यावर येते, हे एक कारण, आणि संपून जाईल, हे दुसरे. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात, तर डोंगरावरचे गवत सोनेरी झालेले असते. पेट्रोल श्रीवर्धनला भरून घ्यावे, पुढे दापोलीपर्यंत भरवसा नको.

बहिणींसाठी थोडे पोशाखाबद्दल, कारण हा प्रश्न मागचीला हमखास विचारला जातो. मोटारसायकलवर सैल बुरखा आणि लोंबती ओढणी धोक्याची आहे. चाकात किंवा चेनमध्ये कापड अडकून गळ्याला फास बसल्याचे प्रकार घडतात. मागचीने अबाया घोट्याच्या वर येईल एवढा कापून शिवून घेतला, आत सलवार, वरून जाड जॅकेट. डोक्याला सुती पातळ स्कार्फ, त्यात एकही टाचणी नाही, केसांचा अंबाडाही मागे उंच नाही, मग हेल्मेट नीट बसते. परदा राहतो आणि जीवही राहतो. हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे. गावात ते काढून हातात अडकवायची पद्धत आहे, तिच्या नादी लागू नये.

नमाजचे म्हणाल, तर पुढचा कोकणी म्हणून शाफई, मागचीचे माहेर सोलापूरचे, हनफी. सफरमध्ये कस्र दोघेही पढतात, पण पुढचा जोहर आणि असर एकत्र करून मोकळा होतो आणि मागची असरसाठी पुन्हा गाडी थांबवायला लावते. कोकणातल्या गावांत मशिदी भरपूर आहेत, पण बायकांसाठी जागा बहुतेक ठिकाणी नसते. सुरुवातीला मागचीला याचा राग येई. अजूनही येतो, आणि तो रास्त आहे. मात्र त्यामुळे एक झाले. ती शेजारच्या घराचे दार वाजवून मुसल्ला टाकायला जागा मागते. आजवर कुणी नाही म्हटलेले नाही आणि चहाशिवाय कुणी सोडलेलेही नाही.

दाभोळच्या अलीकडच्या एका गावात असेच झाले. जांभ्या दगडाचे दुमजली घर, रुंद ओटी, दारात सुपारी वाळत घातलेली. आजूबाजूच्या पाच-सहा घरांना कुलपे. माणसे मुंबईला नाहीतर आखातात. घरात एकटी बाई, आमच्याहून थोडी मोठी. नमाज झाली, चहा झाला. पुढच्याला तिने ओटीवर बसवले आणि आमच्या गाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्यांनी पण घेतली होती. कुवेतहून कायमचे आले, तेव्हा. म्हणाले, तुला हर्णैला नेतो, मासळीचा लिलाव दाखवतो."

गाडी अंगणात पडवीखाली होती, ताडपत्रीने झाकलेली. पुढच्याने विचारून ताडपत्री उचलली. मीटरवर तीनशेच्या आसपास किलोमीटर होते. परत आल्यावर सात महिन्यांत ते गेले होते. "हर्णैला गेलात?" मागचीने विचारले. "एकदा," ती म्हणाली, "लिलाव संपला होता. पण गेलो." आणि हसली.

पुढच्याने टायरमध्ये हवा आहे का पाहिले. नव्हती. गाडी विकून टाका, असे सांगावे की नाही, ते त्याला कळेना, म्हणून काहीच सांगितले नाही.

त्या दिवशी दाभोळच्या मशिदीच्या पायऱ्यांवर आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. एक घुमट, चार मिनार. गाव तिला अंडा मशीद म्हणते. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, जाणे जमले नाही, तेव्हा तिने तो पैसा या मशिदीत घातला, असे तिथे सांगतात. दाभोळ तेव्हा मोठे बंदर होते, इथून जहाजे अरबस्तानाला जात. कोकणातून माणसे समुद्रापलीकडे जायची रीत पेट्रोलच्या शोधाहून किती जुनी, ते तिथे बसल्यावर ध्यानात येते.

पुढे धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ. जयगडला उतरून मालगुंड, गणपतीपुळे आणि मग आरे-वारे. शेवटचा हा घाटवजा चढ असा आहे, की वर पोहोचल्यावर दोन किनारे एकदम दिसतात. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहावा. ब्रह्मदेशचा राजा 1885 साली गादीवरून उतरवला गेला आणि 1916 साली याच गावात वारला, देश पुन्हा न पाहता. परतताना आम्ही त्याच रस्त्याने येतो, कारण उलटीकडून तो वेगळाच दिसतो.

आता घरची गोष्ट. आमच्या मुलाचा निकाह गेल्या वर्षी झाला आणि दोन महिन्यांत त्याला मस्कतची नोकरी आली. पुढचा म्हणाला, जाऊ दे, इथे त्या पगाराचे निम्मे मिळणार नाही, खोलीचे हप्ते आहेत. मागची म्हणाली, सुनेला सोबत नेता येत असेल तरच जा. फॅमिली व्हिसाइतका पगार नव्हता. शेखाडीच्या रस्त्यावर यावरून आमचे बोलणे झाले, मग श्रीवर्धनपर्यंत अबोला, मग बागमांडल्याच्या जेटीवर पुन्हा बोलणे. एकमत झाले नाही, अजून नाही. मुलगा गेला. करार दोन वर्षांचा आहे. आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतली: सुट्टीतले पहिले दहा दिवस कुणाकडे दावत नाही, कुणाकडे भेटवस्तू नाही.

त्याची सुट्टी डिसेंबरात आहे. सुनेने माझगाव ते रत्नागिरीचा कागद आमच्याकडून मागून घेतला आहे आणि त्यावर जेटींच्या वेळा लिहून काढल्या आहेत. अबाया शिंप्याकडे दिला आहे. गाडीचा मागचा टायर मात्र त्याआधी बदलावा लागेल, त्याची नक्षी गेली आहे.