नाव आणि नांव

आम्ही दोघी बहिणी. थोरली डोंबिवलीला, धाकटी ठाण्याला. बाबांनी १९५८ साली कल्याणच्या घरी लिहिलेली आठवणींची वही आम्ही संगणकावर उतरवीत आहोत. दोघींच्या हातून होणारा प्रत्येक बदल जपला जावा म्हणून 'गिट' वापरतो. लायनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली ते प्रोग्रॅमरांसाठी रचले. लेखनासाठी टर्मिनलमधला 'व्हिम' हा संपादक आहे.

बदल पक्का करताना गिट थांबते, आपण होऊन व्हिम उघडते आणि बदलाविषयी चार शब्द लिहा म्हणते. हा आगंतुक प्रश्न आम्हांला जाचक वाटे. त्यातून आमचा व्हिम प्रत्येक फाइल मागे जिथे सोडली तिथेच उघडे. गिट दर वेळी त्याच नावाची फाइल पुढे करीत असल्याने कर्सर भलत्याच ओळीवर जाऊन बसे. कंटाळून आम्ही आज्ञेतच 'एम' हा पर्याय जोडू लागलो आणि पुढे एकच शब्द: 'दुरुस्ती'. संपादक उघडायचे कारणच उरले नाही.

त्याची किंमत पुढे कळली. दुर्गाडीच्या देवीचा उल्लेख झाल्यावर वहीत एक वाक्य येते: 'नाव घेऊन आजोबा खाडीकडे निघाले.' आमच्या भाच्याने त्यावरून आजोबांची होडी होती असे गृहीत धरले. गिटमधला इतिहास उलगडला, तर पहिल्या नोंदीत 'नांव' होते. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले. आजोबा देवीचे नाम घेऊन निघाले, की होडी घेऊन?

थोरलीने तो अनुस्वार नव्या नियमाप्रमाणे काढला, की वही पुन्हा पाहताना तो शाईचा डाग वाटला म्हणून? तिला आठवत नाही. वहीचे ते पान दरम्यान ओलीने पुसट झाले आहे. काय बदलले ते गिटने चोख सांभाळले. का बदलले ते आम्ही सांगितलेच नव्हते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अखेरीस साल नोंदवले आणि कारणही दिले: मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांत तो बिघडला. शब्दाशब्दाच्या बदलांची यादी आपल्यापाशी नाही, पण हेतू आहे. आमच्यापाशी नेमके उलट होते.

म्हणून आम्ही व्हिमला दोन वळणे लावली. स्वतः उघडला तर तो पूर्वीसारखाच वागतो. गिटने बोलावला तर मात्र पहिल्या ओळीवर उभा राहतो. गिटची ही फाइल तो प्रकारावरून ओळखतो, त्यामुळे असे वेगळे वागणे तिच्यापुरते नेमून देता येते. 'कमिट.टेम्प्लेट' या मांडणीतून आमचे तीन प्रश्न समोर येतात: वहीत काय दिसते? काय बदलले? कशाच्या आधारे? 'कमिट.व्हर्बोझ'मुळे बदललेल्या ओळीही खाली दिसतात. प्रश्नांच्या आरंभी '#' असल्याने ते नोंदीत उतरत नाहीत. उत्तर न लिहिता फाइल बंद केली, तर गिट बदल स्वीकारतच नाही. उत्तर लिहून झाल्यावर शंका आली, तरी व्हिममधून ':सीक्यू' म्हणून बाहेर पडता येते. संपादक अपयशाचा संकेत देतो आणि गिट माघार घेते. हा पर्याय आता आम्ही वारंवार वापरतो. आधार सांगता येत नसेल तर बदल न करणे हेही संपादनच, हे वर्गात शिकवताना आम्हांला सोपे वाटत असे.

त्या वाक्यात आम्ही 'नांव' परत ठेवले आहे. नोंदीत लिहिले: 'पहिल्या उताऱ्याप्रमाणे. मूळ पान आता वाचता येत नाही. अनुस्वार का काढला होता ते ठाऊक नाही; होडीची शक्यता खोडलेली नाही.'