कोरी ओळ

आई वहीच्या मधल्या जोडपानावर पट्टीनं रेघा मारायची. डाव्या बाजूला तास, उजवीकडे नावं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये आराधना असली की आठवडाभर आधी ते पान घेऊन ती रेल्वे कॉलनीत घरोघर फिरे, आणि पेन सांभाळायला मी बरोबर. एका घरी कोकणी, पलीकडे तमिळ, मग तेलुगू, मग नगरकडचं मराठी. सोलापूरची पॅरिश तेव्हाही अशीच होती. नियम एकच: मॉन्स्ट्रन्स या पात्रातली पवित्र भाकर वेदीवर मांडली की तिच्यासमोर कुणी ना कुणी हवंच. माणूस नसेल तर फादरांनी ती परत पेटीत ठेवायची. ही नामुष्की आईला चालणार नव्हती.

रात्रीच्या तासांची तिला काळजी नसे. गाडीवरून उतरलेले गार्ड काका डबा पायाशी ठेवून तसेच गुडघे टेकत. गेथशेमनी बागेत येशूच्या शिष्यांना एक तास जागवला नाही. आमच्या रनिंग स्टाफला जागण्याची सवयच होती. वडील 1964 च्या डिसेंबरात रेल्वेच्या पासावर मुंबईला जाऊन आले होते. ओव्हल मैदानावरची ती जागतिक युखरिस्त परिषद, त्यासाठी आलेले पोप सहावे पॉल, एवढं सगळं पाहून त्यांच्या बोलण्यात यायची ती परतीच्या गाडीची गर्दी.

पुढे मी ऑल्टर बॉय झालो. कोळसे फुलवून धुपाटणं फादरांच्या हाती देताना छाती भरून यायची. पण आराधना म्हणजे खरी कटकट कसली, ते यादी माझ्याकडे आल्यावर कळलं. पंखा लावला तर ज्योत विझते, बंद केला तर म्हातारी माणसं घामानं कासावीस होतात. मे महिन्यात वेदीवरच्या मेणबत्त्या पेटवण्याआधीच मान टाकतात; त्या मी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवतो, भाजीच्या कप्प्यात. बायको काही म्हणत नाही, कोथिंबीर तेवढी बाजूला सारते.

आणि दुपारी दोन ते तीन. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत घराबाहेर कोण पडणार? ती ओळ वर्षानुवर्षं कोरी राहायची आणि शेवटी मीच बसायचो. मग एकदा विडी वळणाऱ्या एक अक्का मिस्सा संपल्यावर थांबल्या. ‘‘सकाळी ब्रँचला माल दिला की दुपार माझीच की. लिहा नाव.’’ लिहिता येत नाही म्हणून त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या येतात, चप्पल दाराशी काढतात, भिंतीला टेकून जमिनीवर बसतात. जपमाळही बाहेर काढत नाहीत. तासभर नुसत्या बघतात. फादरांनी सांगितलेली आराधनेची कुठलीही व्याख्या मला याहून पटलेली नाही.

2020 च्या मार्चनंतर यादी बंदच झाली. आराधना मोबाइलवर आली. बघणारे पुष्कळ, पण तास कुणाच्या नावावर नव्हता, आणि मला तरी ते आराधनेसारखं वाटलं नाही. नोव्हेंबरच्या 16 तारखेला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. मी तास टाकतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. नाव मात्र कुणी देत नाही. शेवटी फोन फिरवावाच लागतो.

सध्या वाद गिटारचा आहे. तरुण पोरांना संध्याकाळचा तास हवा, माइक हवा, गाणी हवीत. माझं म्हणणं, निम्मा वेळ तरी गप्प बसा. ती म्हणतात, गप्प बसवलं तर कुणी येणार नाही. त्यांना सात ते आठ दिलंय, वीस मिनिटं वाद्याला हात न लावण्याच्या बोलीवर. घड्याळ त्यांच्यातल्याच ढोलकीवाल्याकडे आहे. बघू या, पाळतो का.