कुलूप माझं, किल्लीही मीच हरवली

आमचा मळा खोलगटात. घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून गेल्या वर्षी खांबावरून वायर ओढून राउटरची पेटी बसवून घेतली. पण पोरं रात्र रात्र फोनमध्ये डोकं घालून बसू लागली. त्यात थोरलीचं दहावीचं वर्ष! एके दिवशी मी गुपचूप पासवर्ड बदलला आणि कोणालाच सांगितला नाही. परीक्षा झाली, तरी नाही सांगितला. ज्याला नेट हवं, त्यानं माझा फोन मागावा. घरात आपला वचक राहायला नको का?

जूनमध्ये मोटार चालू करायला गेलो आणि फोन विहिरीत पडला.

नव्या फोननं पासवर्ड मागितला. मला काही केल्या आठवेना. बैलांची नावं टाकली, गट नंबर टाकला, सोसायटीचा खातेनंबर टाकला. पेटी दाद देईना. थोरलीच्या अकरावीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. पोर एक शब्द बोलली नाही. तेच मनाला जास्त लागलं.

शेवटी तिनंच पेटी उलटी केली. "आबा, कंपनीचा मूळ पासवर्ड इथं चिकटवलाय. पण तुम्ही बदललाय ना, आता पेटी मूळपदावर आणावी लागंल."

मागं टाचणी जाईल एवढं बारीक भोक होतं, आत रीसेटचं बटण. मी टाचणी घेतली, तोच ती म्हणाली, "थांबा! त्यानं सगळंच पुसतं. नेटवाल्यानं भरलेलं जोडणीचं नाव अन् त्याचा पासवर्डसुद्धा. आधी ते विचारून घ्या."

डोक्यावर पोतं घेऊन टाकीवर चढलो, तिथं रेंज येते. नेटवाल्या पोरानं दोन्ही सांगितलं, ते हातावर लिहून आणलं. मग पेटी चालू ठेवूनच टाचणीनं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं. दिवे विझले, पुन्हा लागले. चिठ्ठीवरच्या पासवर्डनं फोन जोडला. थोरलीनं १९२.१६८.१.१ हा पेटीचा पत्ता उघडून हातावरचं सगळं भरलं. नेट सुरू झालं. रात्री साडेदहाला अर्ज गेला.

नवा पासवर्ड ठेवायची वेळ आली, तशी कारभारीण म्हणाली, "अहो, ह्या बारीला समद्यांना ठावं असू द्या."

तो आता हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलाय. वही ट्रंकेत असते, म्हणजे परक्याच्या हाती लागत नाही. घरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री नऊनंतर फोन बंद, हे पोरांनी आपणहून कबूल केलं आणि बहुतेक दिवस पाळतातही. जे काम मी कुलूप लावून करायला गेलो, ते चार शब्द बोलूनच झालं असतं. पण तेवढं कळायला मला फोन विहिरीत घालावा लागला!