ब्रेकचं काम, घरच्या घरी

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आमच्या जुन्या वॅगनआरच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की चीऽऽ अशी बारीक किंकाळी, सोडला की गप्प. कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन मान वर न करताच 'सर आले' म्हणायला लागला.

चतुर्थीला आम्ही दरवर्षी डिचोलीला बहिणीकडे जातो. जायचं म्हणजे जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, तोही पावसात. त्यामुळे आवाज अंगावर काढण्यासारखा नव्हता. एका गॅरेजमध्ये दाखवलं. पॅड संपलेत, डिस्कचं टर्निंग करावं लागेल, सगळं धरून साडेचार हजार आणि सणाची गर्दी आहे, गाडी सोडून जा, गुरुवारी बघू, असं उत्तर मिळालं. आम्हाला बुधवारी निघायचं होतं.

घरी येऊन माळ्यावरची आप्पांची पेटी काढली. आमचे आप्पा उद्यमबागेत टर्नर होते. घरात मिस्त्री म्हणून कुणी आलेला मला आठवत नाही. स्टोव्ह, सायकल, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळं त्या पेटीवर चालायचं. त्यांचा मुलगा झाला लेक्चरर. वर्गात पोरांना 'श्रमाची प्रतिष्ठा' शिकवतो आणि पंक्चर काढायलाही दुकानात जातो. पेटी उघडली तेव्हा त्या ग्रीसच्या वासानं मला जरा जास्तच धीर आला, हे कबूल करायला हवं. पैशाचा प्रश्न होताच, पण खरं कारण ती पेटी होती.

सासूबाई आमच्याकडेच असतात, मूळच्या धारवाडच्या. त्यांनी पाने बघितले आणि विचारलं, "नीवु याक माडतीरी?" मी म्हटलं, मागच्या महिन्यात नळ मीच दुरुस्त केला की नाही? त्यावर त्या म्हणाल्या, "अदु ब्रेक री, नळ अल्ल." आणि देवघरात निघून गेल्या.

पुढच्या चाकाचे पॅड बदलणं हे काम तसं अवघड नाही, हे आजही सांगतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना विटा लावायच्या, मग जॅक. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलला जातो. त्याला रबरी नळीवर लोंबकळू द्यायचं नाही, तारेनं बांधून ठेवायचा. जुने पॅड बाहेर आले तेव्हा लोखंडी पट्टीवर लायनिंग जेमतेम पोस्टकार्डाइतकं उरलं होतं. आवाज करणारी पातळ पत्र्याची जीभ डिस्कला घासत होती. ती जीभ मुद्दामच ठेवलेली असते, पॅड संपत आला की ओरडण्यासाठी. नवा पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे सारावा लागतो. आप्पांच्या पेटीतला सी-क्लॅम्प त्यासाठी नेमका उपयोगी पडला. पॅडला ग्रीसचा हात लावला नाही. पॅड जोडीनं बदलतात म्हणून उजव्या चाकाचेही बदलले. एक वाजता चाकं चढली. पॅडचे तेराशे सोडले तर खर्च शून्य.

मधे एक गोष्ट दिसली होती. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे ऑइल जातं, म्हणून डबीतली पातळी उतरते, हे मी वाचलेलं होतं. कारण सापडलं, विषय संपला. पण पिस्टन मागे सारल्यावर ते ऑइल डबीत परत यायला हवं होतं, पातळी वर चढायला हवी होती. ती फारशी चढली नाही. हे मी बघितलं आणि तरी बघितलं नाही. अर्ध्या ज्ञानाचा हा एक उपद्रव आहे, पहिलं कारण सापडलं की दुसरं शोधायची बुद्धी होत नाही.

आमच्या पोर्चमधली जागा सपाट आहे, पण तिथून रस्त्यापर्यंत रॅम्प उतरता. मी हौसेनं सगळ्यांना बोलावलं. लेक नेहमीप्रमाणे रॅम्पच्या खाली, फाटकापाशी, रस्त्यावरची वाहनं बघायला उभी राहिली. "या बाबा, या, या." मी रिव्हर्स टाकला, गाडी रॅम्पवर आली आणि ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. काही म्हणजे काही लागलं नाही, जणू हवेत पाय टाकावा. आरशात लेक मोठी होत होती आणि अजून "या, या" म्हणत होती. हात कसा गेला ठाऊक नाही, हँडब्रेक ओढला. गाडी फरफटत थांबली. लेक आणि बंपर यांच्यात हातभर अंतर होतं.

मग दोन-तीन वेळा पेडल मारल्यावर ते टणक झालं. कामात चूक काहीच नव्हती. मागे सारलेले पिस्टन पेडल मारून पुन्हा पॅडला टेकवल्याशिवाय गाडी हलवायची नसते, एवढंच मी विसरलो होतो. कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याला हे सांगावं लागत नाही. आणि आप्पांची एक सवय मला तेव्हा आठवली. शेजाऱ्याची स्कूटर दुरुस्त केली की ते आधी एकटे तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत जाऊन यायचे, मगच किल्ली परत द्यायचे. पेटी घेतली, ही सवय मात्र घेतली नाही.

हिनं काही म्हटलं नाही. "जेवायला चला," एवढंच. त्या शांततेपुढे ओरडा बरा.

नळ चुकला तर बादलीत कळतं. ब्रेकमधली चूक पोर्चमध्ये कळली नाही तर ती चोर्ल्याच्या वळणावर कळणार, आणि तेव्हा गाडीत पाच माणसं असणार. जेवताना हेच डोक्यात फिरत होतं. गाडी जागची न हलवता मी वडगावला बसनं गेलो. आप्पांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री तिथं राहतात, दुकान मुलाकडे देऊन आता घरी बसलेले. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. पिशवी घेऊन संध्याकाळी आले.

पुढची दोन्ही चाकं बघून म्हणाले, "सर, पुढचं काम बरोबर केलासा की. मागचं उघडून बघितलासा काय?"

मागे आवाज नव्हता, म्हणून मागं बघण्याचा प्रश्नच मला पडला नव्हता. त्यांनी मागचा डावा ड्रम ठोकून काढला. आत सगळं ओलं. व्हील सिलिंडरच्या रबरातून ब्रेक ऑइल झिरपत होतं आणि लायनर भिजून काळे झाले होते. दुपारी हँडब्रेकनं गाडी धरली ती जवळजवळ एकट्या उजव्या चाकानं. ओरडणारं चाक नुसतं झिजलं होतं, बिघडलं होतं ते गप्प बसलेलं.

सिलिंडर नवा, लायनर दोन्ही बाजूंचे नवे. ऑइल तर त्यांनी पूर्णच बदललं, जुनं चहासारखं निघालं. आपण त्याला ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. साधं तेल त्यात गेलं तर आतली रबरं फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात सतत ब्रेक दाबून चाकं तापली की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल पुन्हा हवेत जातं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मिस्त्री चाकापाशी बसले, पेडलवर ही बसली, कारण हुकूम कानडीत सुटत होते. "ओत्तरी... हिडीरी... बिडरी." सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मिस्त्रींना चहा देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मोठी मेहेरबानी.

आता पॅड मी बघतो, डबीतली पातळी दर महिन्याला बघतो, ती उतरली तर गाडी मिस्त्रींच्या मुलाकडे नेतो. ऑइलच्या नळीला आणि मागच्या ड्रमला हात लावत नाही. काही मित्र म्हणतात, इतकं झाल्यावर पॅडसुद्धा कशाला? पण ते चाक मी उघडलं नसतं तर मिस्त्रीही आले नसते, आणि गॅरेजवाल्यानं तरी मागचं चाक उघडलं असतं की नाही, कोण जाणे.

मंगळवारी पहाटे एकटाच तिसऱ्या गेटापर्यंत जाऊन आलो. रिकाम्या रस्त्यावर चार वेळा ब्रेक मारून बघितला. बुधवारी निघालो. चोर्ल्याला धुकं दाट होतं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवत होतो. पहिल्या मोठ्या वळणाआधी मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला, "ब्रेक नोडिदीरेनु?"

"नोडिदे री," मी म्हटलं, आणि त्यांच्या समाधानासाठी एकदा हलकेच दाबून दाखवला.